हडपसरचं गिऱ्हाईक

बंकटनं विषय काढला तो दुपारची जेवणं आटोपल्यावर, अडकित्त्यानं सुपारी कातरता कातरता, जणू बोलायचं असं काही नव्हतंच. घरातली मोठी गोष्ट तो नेहमी अशी हलक्या हातानं काढायचा. आबांची मेंढरं विकायची ठरली, तेव्हाही त्यानं आधी आबांना पान लावून दिलं होतं.

"योगे, उद्या पाव्हणे यायचेत. सुपारी फुटली की सत्यमच्या सासऱ्याला गाळा दाखवावा लागंल."

"दाखवा की," योगिता म्हणाली. "मी झाडून ठिवते."

"झाडून न्हाई. रिकामा करून."

गाळा म्हणजे घराच्या पुढच्या अंगाची, हायवेकडे तोंड असलेली खोली. चौसाळ्यात अशा खोलीवर डोळा नसलेला माणूस सापडायचा नाही, आणि या खोलीत गेली कित्येक वर्षं योगिताचा माल भरलेला होता. तांब्याचे हंडे, पितळी डबे, समया, पानदानं, कंदील, कुणाकुणाच्या आज्यांना लग्नात आलेली घंगाळं. मेंढरं विकल्यावर सटवाआबांनी, तिच्या वडिलांनी, मोडीचा धंदा धरला होता. गावोगाव फिरून जुनी भांडी वजनावर घ्यायची आणि वितळवायला बीडच्या भांडेवाल्याला घालायची. पण निम्मी भांडी त्यांना मोडीत घालवेनात. हा हंडा चांगला आहे, ही चरवी बघ काय घडीव आहे, असं करत ती घरातच साठत गेली. योगिता सिरसाळ्याचं नांदणं सोडून माहेरी आली ती त्याच सुमारास, आणि मोबाइलवर फोटो काढून ती भांडी ऑनलाइन लिलावाला लावायची कल्पना तिचीच. पहिला हंडा बेंगळुरूला गेला तेव्हा मोडीच्या भावाच्या कितीतरी पट पैसे आले. आबांनी तो मेसेज तिला पुन्हा पुन्हा वाचायला लावला होता.

आबा गेले, पण धंदा जोरात राहिला. घरावरचा स्लॅब, बंकटच्या पोराची, सत्यमची, डिप्लोमाची फी, मायच्या एका डोळ्याचं ऑपरेशन, सगळ्यात योगिताचा हात होता. तेव्हा चंद्रभागावैनी तिला गाळ्यात चहा नेऊन द्यायची. पुढं कप ओट्यावर ठेवून हाक येऊ लागली. गेल्या साली हाकही बंद झाली आणि योगिता आपली आपण उठून चहा गाळून घेऊ लागली. धंदा किती बसला हे कळायला या घरात हिशेब करायची गरज नव्हती.

बसायचं कारण एक असतं तर तिनं त्याच्याशी भांडण तरी काढलं असतं. साइटनं आपला वाटा वाढवला. कुरिअरवाले वजनावर पैसे घेतात, आणि पितळ काही हलकं होत नाही. कुठले तरी कारखानदार नवी भांडी ॲसिडनं काळी करून जुनी म्हणून विकू लागले, तीही स्वस्तात. आणि खेड्यातल्या म्हाताऱ्यासुद्धा आता नातवाच्या मोबाइलवर भाव बघून मगच फडताळातला डबा खाली काढतात. घेताना महाग, विकताना स्वस्त, असा तो मधल्यामध्ये चेपलेला धंदा होता.

त्यात ज्वारीचं प्रकरण. रिकामं भांडं दाराबाहेर जाऊ द्यायचं नाही, ही मायची, म्हणजे दगडाबाईची, रीत. शेजारणीची वाटी परत करतानाही ती चिमूटभर साखर घालायची. लिलावात गेलेल्या भांड्यातही तिनं पहिल्यापासून मूठभर ज्वारी घालायला लावली. मागं एका गिऱ्हाईक बाईनं किडे निघाले म्हणून तक्रार केली, फोटो टाकले, आणि साइटनं योगिताचे तारे कमी केले. शहाण्या माणसानं ज्वारी घालणं थांबवलं असतं. योगितानं काय केलं, तर ती ज्वारी फडक्यात बांधून घालू लागली. नांदून परत आलेल्या बाईला रिकाम्या हातानं दारात उभं राहणं म्हणजे काय असतं ते ठाऊक होतं, एवढंच तिच्या बाजूनं म्हणता येईल.

"मोडीत घालायचं सगळं?" तिनं विचारलं.

"भांडेवाला टेम्पो पाठवतो म्हनलाय. सत्यमला बॅटरीच्या गाड्यांची एजन्सी मिळतीय. पोरीच्या बापानं त्याच्यावरच होकार दिला. जावई हायवेला बसला पायजे म्हनतोय."

"माजा धंदा चालू हाय, दादा."

"कशाचा चालू बे?" बंकट हे बोलला ते सोमनाथकडे बघून. बहिणीला थेट दुखवायचं त्याला जमत नसे, म्हणून तिच्या वाटणीचं तो नेहमी धाकट्या भावाच्या अंगावर टाकायचा. "तूच सांग हिला. पुण्याला ऱ्हातूस, तुला कळतं."

सोमनाथ बायकोला घेऊन सकाळीच पुण्याहून आला होता. तो लिंबाखालच्या बाजेवर बसून चपलेच्या अंगठ्यानं माती उकरत होता. "ऱ्हाऊ द्या की दादा गाळा," तो म्हणाला. "सत्यमला दुसरीकडं जागा बघू."

त्याची बायको वैष्णवी भांडी विसळत होती. तिचा हात थांबला आणि पुन्हा चालू लागला.

"कुठं बघायची?" चंद्रभागावैनी दारातून म्हणाली. "घरचा गाळा असताना भाडं भरायचं? ताई, मी वाईट बोलत न्हाई, पर चार-चार महिने कुनी कुत्रं इचारत न्हाई त्या भांड्यास्नी."

"कावून न्हाई इचारत? हडपसरचं गिऱ्हाईक हाय माजं." योगिताचा आवाज चढला. "म्हैन्याला एकतरी वस्तू घेतंच. दोन वर्सं झाली, चुकलं न्हाई."

या गिऱ्हाइकाचं नाव अंगद. मुक्काम हडपसर, पत्ता कुठल्याशा गोडाउनचा. बोलीला उतरला की मागं हटायचा नाही. वस्तू पोचली की मेसेज करायचा, ‘माल मिळाला. छान आहे.’ बाकीची गिऱ्हाइकं तारे देतात नाही तर शिव्या. हा माणूस बोलायचा. एकदा त्यानं लिहिलं होतं, ‘तुमच्या ज्वारीची भाकरी केली. गावाकडची चव आली.’ तो मेसेज योगितानं मायला वाचून दाखवला, आणि त्यानंतर एकटीनं किती वेळा वाचला ते विचारू नये. चाळिशी ओलांडलेल्या बाईनं एका न पाहिलेल्या माणसाबद्दल काय काय ठरवावं! तो एकटा राहत असणार, हातानं भाकरी थापत असणार, खिडकीत तिच्या समया ओळीनं मांडून ठेवत असणार. त्याच्या पार्सलला ती चिकटपट्टी सरळ रेषेत लावायची. यात वावगं काही नव्हतं, आणि कुणाला कळायचंही काही कारण नव्हतं.

"बगा, एक का हुईना, पक्कं गिऱ्हाईक हाय," दगडाबाई पायरीशेजारच्या आपल्या बाजेवरून म्हणाली. तिच्या दुसऱ्या डोळ्यावर अजून पडदा होता आणि पहिल्यानंही आता जेमतेम दिसायचं. पण कुणाची बाजू पडतेय हे तिला आवाजावरून कळायचं. "लेकराचं हाय ते चालू द्या."

"ते चालू कुणाच्या जिवावर हाय, ते विचारा ना आत्याबाई!"

वैष्णवी ताडकन उभी राहिली. हातातलं ताट तिनं इतक्या जोरात ठेवलं की कोंबड्या पांगल्या.

"वैष्णवी," सोमनाथ म्हणाला.

"न्हाई, आता बोलणार मी. दोन वर्षं गप्प बसले. आक्का, तुमचं हडपसरचं गिऱ्हाईक इथंच बसलंय, बाजेवर. आमच्या घरात पाय ठेवायला जागा न्हाई. दिवाणाखाली घंगाळ, गॅलरीत हंडे, कपाटावर समया. निम्मी पार्सलं फोडलेली पण न्हाईत. लेकीला अभ्यासाला टेबल घ्यायचं तर ठेवायचं कुठं? आणि ती ज्वारी! सोंडे लागून माझ्या तांदळात गेले."

हायवेवरून एक ट्रक गेला, त्याचा आवाज पार वळणापर्यंत ऐकू आला.

योगिता सोमनाथकडे बघत होती. तिला हसू येईल असं क्षणभर वाटलं, पण ते आलं नाही.

"अंगद म्हनून हाय का कुनी?" तिनं विचारलं.

"हाय," सोमनाथ मान खाली घालून म्हणाला. "आमच्या गोडाउनवर हमाली करतो. नाव तेवढं त्याचं वापरलं. तुला माजं नाव दिसलं असतं, म्हनून."

"मग मेसेज?"

"मीच लिवायचो."

"भाकरीचा?"

उत्तर वैष्णवीनं दिलं, आणि देताना तिचाही आवाज खाली आला. "कबुतरांना टाकली ती ज्वारी, आक्का. गॅलरीत."

गिऱ्हाईक खोटं निघाल्याचं दुःख योगिताला नंतर झालं असतं. धंद्यात माणसं खोटी निघतात. आत्ता तिला वाईट वाटलं ते त्या खिडकीचं. तिनं ती खिडकी इतकी नीट लावून ठेवली होती, आणि तिथं कुणीच राहत नव्हतं. तिला रडू आलं, आणि सगळ्यांच्या देखत ते तिनं येऊ दिलं.

"तूच म्हनली हुतीस फोनवर," सोमनाथ काकुळतीला आला. "एक बोली न्हाई, आता या घरात कुठल्या तोंडानं जेवू म्हनून. मला ते ऐकून जेवन गेलं न्हाई, आक्का. म्हनलं एखादी वस्तू घ्यावी. मग दुसऱ्या म्हैन्याला थांबू कसा?"

"आन् ते कोल्हापूरवालं?" योगितानं डोळे पुसले. "मोठ्या घंगाळाला एकजण कोल्हापूरहून सारखा बोली वाढवत हुता. तुज्यासमोर हरला. मागाहून दोन वस्तूंवर आला, तिथंबी हरला. मग आलाच न्हाई कधी."

सोमनाथनं वर बघितलं. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. "मला वाटलं, भाव वाढला की तुला बरं वाटंल."

"खरं गिऱ्हाईक हुतं रे ते. तूच हाकललंस."

मग एक चमत्कारिक गोष्ट झाली. इतका वेळ गाळा, गाळा करणारी चंद्रभागावैनी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि योगिताच्या शेजारी टेकली. "ऱ्हाऊ द्या ताई," ती म्हणाली. "सत्यमचं बगू आपन काईतरी." बंकटनंही सुपारी बाजूला ठेवली. "व्हय, व्हय. घाई न्हाई काई. पाव्हण्यास्नी सांगू कायबी." वैष्णवीसुद्धा डोळ्याला पदर लावून उभी होती. घटकेपूर्वी जे घर तिच्या विरुद्ध होतं ते सगळं तिच्या बाजूला आलं, आणि योगिताला कळेना की आता बसायचं कुठं. भांडण होतं तोवर तिची म्हणून एक जागा होती. या मायेत ती नुसती बिचारी उरली होती. ते तिला सोसवेना.

ती उठून देव्हाऱ्याकडे गेली आणि भंडाऱ्याची वाटी घेऊन आली.

"सिरसाळ्याकडनं मोडीत घेतलेली एक चरवी लावलीय लिलावाला," ती म्हणाली. "दिवेलागणीला संपतीय. तिला कुनी बोली लावली, एक जरी लावली, तर गाळा मी सोडत न्हाई. सत्यमनं दुसरीकडं बघावं. न्हाई लावली तर उद्या पाव्हणे यायच्या आत मी माज्या हातानं टेम्पो भरते. पर बोली भाईरच्याची पायजे. उचला भंडारा."

"योगे, येड्यावानी करू नको," बंकट म्हणाला.

"उचला, दादा. बिरोबाची आन घ्या. सोन्या, तू आधी. तू न्हाई, तुज्या नावानं दुसरा कुनी न्हाई."

या घरात भंडारा उचलून दिलेला शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती. आबांनी एकदा असाच भंडारा उचलून तंबाखू सोडली होती, ती मरेपर्यंत. सोमनाथनं बोटं बुडवली, कपाळाला लावली. मग वैष्णवीनं, चंद्रभागावैनीनं. सत्यम बाहेरून आला होता. त्याला काही धड कळलं नव्हतं, पण त्यानंही उचलला. सगळ्यात शेवटी बंकटनं, हात जड झाल्यासारखा.

ऊन उतरत गेलं. कुणी कामाला लागलं नाही, कुणी झोपलंही नाही. उद्याच्या पाहुण्यांसाठी आणलेले पेढे, टॉवेल-टोप्या, साडी, सगळं पडवीत तसंच पडून होतं. योगिता मायच्या बाजेशी पायरीवर बसली, मोबाइल मांडीवर ठेवून. चरवीचा फोटो तिनं सकाळच्या उन्हात काढला होता. काठाची झीज, बुडाचा पोचा, सगळं स्वच्छ दिसत होतं. खाली लिहिलं होतं, बोली शून्य. बाजूला डोळ्याचं चित्र आणि त्यापुढं आकडा, आत्ता किती जण बघतायत त्याचा. तोही शून्य.

"आलं का कुनी?" दगडाबाईनं विचारलं.

"न्हाई, माय."

"यील. आबा म्हनायचे, नारायणगडाच्या जत्रंत गिऱ्हाईक पार उठायच्या येळंला येतं. दुकान आवरायला घेतलं की इचारतं, केवढ्याला?"

योगिता हसली. खरं म्हणजे तिलाही तसंच वाटत होतं. ते कोल्हापूरवालं आलं तर? त्याला काय माहीत हडपसरचं गिऱ्हाईक मेलं म्हणून. पण सहज, एखाद्या वेळी, चरवी दिसली म्हणून? तिनं मनातल्या मनात बिरोबाला नवस बोलायला सुरुवात केली आणि अर्ध्यात सोडून दिली. देवाशीही भावाची घासाघीस करावी असं तिला वाटेना.

सूर्य हायवेपलीकडच्या पत्र्यांमागं गेला. चंद्रभागावैनीनं दिवा लावला. लिलावाची अगदी थोडी मिनिटं राहिली होती, आणि डोळ्यापुढचा शून्य जाऊन तिथं एक आला.

योगिता ताठ बसली. एकाचे दोन झाले. मग चार. मग पाच.

"माय," ती कुजबुजली, "पाच जण बगतायत."

"पाच?" म्हातारीनं तिचा हात धरला. "बग! सांगत हुते न्हवं? कुटले हायत गं?"

पाच म्हणजे बोली येणारच. धंद्याच्या चढत्या काळातही शेवटाला पाच जण क्वचितच असायचे. आकडा हलला नाही. बोली शून्य, पाहणारे पाच. कुणीतरी बोट पुढं करील आणि तो शून्य जाईल म्हणून ती वाट बघत राहिली, आणि वाट बघता बघता, हे सगळ्यांना सांगावं म्हणून, तिनं मान वर केली.

बंकट लिंबाखाली उभा होता. चष्मा कपाळावर सरकवून त्यानं मोबाइल नाकाला भिडवला होता. तिथल्याच बाजेच्या दोन टोकांना सोमनाथ आणि वैष्णवी, दोघांच्याही तोंडावर पडद्याचा उजेड. चंद्रभागावैनी चुलीपाशी पाठ करून बसली होती, पण तिच्या कोपराखालून तोच उजेड दिसत होता. सत्यम खिडकीत. कुठलीही वस्तू लावली की घरच्या ग्रुपवर लिंक टाकायची योगिताची पहिल्यापासूनची सवय. सोमनाथ सोडला तर इतक्या वर्षांत कुणी ती उघडली नव्हती. आज सगळ्यांनी उघडली होती. भंडाऱ्यानं पिवळी झालेली बोटं पडद्याच्या वर नुसती धरून पाचही जण थांबले होते, आणि शपथ त्यांना ते बोट टेकवू देत नव्हती.

"सांग की, कुटले?" दगडाबाईनं पुन्हा विचारलं.

पडद्यावर मिनिटं संपून सेकंद आले. मग तेही गेले. चरवीवर राखाडी पट्टी आली, विक्री झाली नाही म्हणून.

बंकट झाडाखालून दोन पावलं पुढं आला. "योगे," तो म्हणाला, "थोडा टाइम वाढवून मिळत न्हाई का गं त्यांच्याकडनं?"

"न्हाई, दादा."

तिनं मोबाइल पालथा ठेवला. आकडा खाली गेला असेल ते तिला बघायचं नव्हतं. म्हातारीनं तिचा हात अजून सोडला नव्हता. तो ओढून तिनं तिसऱ्यांदा विचारलं, कुठली होती ती माणसं, कुठून बघत होती.

"लांबची, माय," योगिता म्हणाली. "लई लांबची."